शेवंताला मशीन का दिली नाही

शेवंतावर अन्याय झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळच्या पाळीत, चहाच्या सुट्टीच्या आधी झाला. तिरुपूरच्या एका कपड्याच्या कंपनीत, सगळ्या लाइनसमोर, शिवण येणाऱ्या बाईला सांगितलं गेलं की तुला मशीन मिळणार नाही. त्या शहरात पोळा नसतो, म्हणून तो दिवस तिथं कोणाच्या ध्यानात नाही. माझ्या आहे. म्हणून लिहिते. गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासोबत गावातून नेणाऱ्या गाडीत बसलेल्या पोरींसाठी.

शेवंता माझी मावसबहीण. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणते. धान चुरून, म्हणजे मळून, झाल्यावर आमच्या गावात ती पांढरी गाडी आली. तालुक्याच्या शिवण केंद्रात शिकलेल्या आम्हा पोरींना बल्लारशाच्या स्टेशनावर न्यायला. केंद्राचे सर पुढच्या सीटवर होते. त्यांनी आमच्या मायबापांना पुन्हा एकदा समजावलं : दोन वर्षं कंपनीत हात बसेल, मग पोरी परत येतील, गावातच दुकान टाकतील. मावशीनं हे ऐकून शेवंताच्या पिशवीत टोळीच्या तेलाची बाटली घातली. टोळी म्हणजे मोहाचं बी. आमच्याकडे ते तेल डोक्याला लावतात, दुखऱ्या गुडघ्याला लावतात, आणि काही अडलं, कुरकुरलं तर त्यालाही लावतात. माझे बाबा गाडीच्या खिडकीशी उभे होते. ते फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "हातात आलं ते कोणी हिसकत नाई, बेटा. शिकून येजो."

बाबांचा हा शब्द खोटा ठरला. त्यात त्यांची चूक नाही. हातात आलेलं कसं हिसकतात, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

गाडीत शेवंताच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली बांबूची काडी होती. मी रडत होते, ती मला चिडवत होती. लग्नाच्या ब्लाउजला पाठीवर जी डोरी असते ना, ती शिवताना कापड आडवं कापत नाहीत, उरेब कापतात, म्हणजे तिरपं. मग उलट्या बाजूनं बारीक नळी शिवतात आणि ती नळी पलटवून सुलट करतात. यातच सगळी मेहनत. शेवंतानं त्यासाठी बांबू तासून पातळ काडी केली होती, टोकाला बारीक खाच पाडलेली. काडी नळीतून घालायची, दुसऱ्या टोकाचं कापड खाचेत अडकवायचं आणि मागं ओढायचं. सुरुवात जड जाते. तोंड एकदा आत वळलं की बाकीचं सरसर येतं. "काऊन रडतं वो," ती मला म्हणाली. "हे बी डोरीसारखंच आहे. तोंड वळवाचाच त्रास."

मला ते तेव्हा पटलं होतं.

कंपनीत परदेशी बायकांचे झोपायचे कपडे शिवत. खांद्यावर शेवयांसारख्या बारीक पट्ट्या. तिथं त्यांना 'स्ट्रॅप' म्हणायचे. त्या पलटवायला आम्हा नव्या पोरींना बसवलं, म्हणजे हेल्पर केलं, आणि तारेचे आकडे दिले. त्यांनी कापडाला ओढ बसायची, जाळी पडायची. माझ्या हातून तर रोज फाटायच्या. शेवंतानं आपली काडी काढली आणि तिच्यासमोरचा ढीग उतरू लागला. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून मात्र एक घोटाळा झाला. काडी कोरडी झाली, अडायला लागली, तेव्हा तिनं घरी करायची तेच केलं. काडीला टोळीचं तेल पुसलं. डोऱ्या सुरेख निघाल्या. पण इस्त्रीखाली गेल्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळे डाग उमटले. सुपरवायझर ओरडला. लाइनमधल्या तामिळ अक्का तो वास घेऊन हसल्या. शेवंतानं काडी रेतीनं घासून कोरडी ठणठणीत केली, आणि पुन्हा कधी डाग पडू दिला नाही. ही तिची चूक. एवढीच. आमच्या गावच्या कोणत्याही बाईनं केली असती.

आणि आता ऐका, मशीन कोणाला मिळाली. मला मिळाली. माझ्याकडून पट्ट्या फाटत, म्हणून मला तिथून उठवून ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर, बसवलं. जिला डोरी जमत नाही ती टेलर झाली. जिला सगळ्यांहून चांगली जमते ती हेल्परच राहिली. ही तिथली रीत.

शेवंता मशीन मागत राहिली. तिला अख्खा ब्लाउज कापता यायचा, बाही बसवता यायची, आणि गावात दुकान टाकायचं तर हात मशिनीवरच चालता राहायला पाहिजे, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ती जागेवरून उठली आणि सरळ सुपरवायझरपाशी गेली. आज आपल्याकडे पोरंटोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, त्यांना कोणी रिकाम्या हातानं पाठवत नाही, असं ती सकाळीच म्हणाली होती. सुपरवायझर आधी हसला. म्हणाला, "तू मशीनपे बैठेगी तो डोरी कौन पलटेगा?" ती हटली नाही, तेव्हा त्यानं तो जुना डाग काढला. तेलवाली, कंपनीचा माल खराब करणारी. एकाच तोंडानं तारीफ आणि त्याच तोंडानं डाग. मग 'सीक्रम, सीक्रम' म्हणजे लवकर लवकर करत त्यानं तिला ढिगाकडे हाकललं.

त्या दिवशी खोलीवर भात शिजत असताना ती मला म्हणाली, "मी काम वाईट केलं असतं तं बरं झालं असतं वो."

हे वाक्य मी नंतर कितीतरी पत्रकांत लिहिलं. कामगार बायांच्या ज्या गटात मी आता आहे, तिथं पत्रकं मीच लिहिते. पत्रकात वाक्य छान दिसतं, बाया माना हलवतात. शेवंताला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

दोन वर्षं झाल्यावर ती परतली. मी राहिले. ती हेल्पर म्हणूनच परतली. उजव्या अंगठ्याचं टोक बधिर झालेलं, दिवसभर कापड मागं ओढून ओढून. मावशीनं मशीन आणून ठेवली होती, हार घातला होता, शेजारणी जमल्या होत्या. शेवंता बसली, पाय चालवला आणि सरळ शिवण वाकडी गेली. उसवली, परत घातली, परत वाकडी. कापड हाताखाली किती सरकलं ते अंगठ्याला कळतच नव्हतं. कोणीतरी दारातूनच म्हणालं, "दोन वर्सं तिकडं राह्यली, अन् ब्लाउज नाई येत?" ते हसण्यावारी म्हटलेलं होतं. पण नंतर गावच्या बाया ब्लाउज तालुक्याला शिवायला टाकू लागल्या. काही जणी चंद्रपूरहून तयारच आणतात.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत मी गावी गेले होते. बाहेर गेलेल्या पोरी म्हणतात, आपण गेल्यावर गाव बदललं. खरं सांगायचं तर मीच तिथं पाहुणी झाले. बाबांशी बोलताना मधेच हिंदी येते, भाताला तिकडचा सांबार आठवतो, आणि तिकडं असले की इथली अंबाडीची भाजी. दोन्हीकडं अर्धीच. शेवंताच्या खोलीत खुंटीला माझा जुना ब्लाउज दिसला. मापाचा. गाडीत बसायच्या आधी तिच्याकडे टाकला होता, तो तिनं ठेवून दिला होता. मी घालून पाहिला. खांद्यात अडला.

"वाढली वो तू," ती म्हणाली. "नवीन माप द्या लागते."

घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं. माझं जुनं माप कोणीतरी खुंटीला जपून ठेवलेलं, आणि ते मला होत नाही.

तिनं नवीन माप घेतलं. ब्लाउज शिवायला तिला चार दिवस लागले. मी शेजारी बसून पाहत होते. जुन्या साडीच्या तुकड्यावर आधी शिवण घालून पाहायची, मग कापडावर. अंगठ्याचं काम आता तर्जनीला शिकवून राह्यली आहे, असं म्हणाली. बाही बरोबर बसली. एका बाजूची शिवण थोडी लहरली आहे, मी खोटं सांगणार नाही. पाठीवरची डोरी मात्र अशी गोल, अशी सारखी, की तिरुपूरच्या लाइनमध्ये मी तशी पुन्हा पाहिली नाही. तो ब्लाउज घालूनच मी परतीच्या गाडीत बसले. बाबा सोडायला आले होते, खिडकीशी उभे राहिले. यावेळी ते हाताबिताचं काही बोलले नाहीत.

ती पांढरी गाडी यंदाही येणार आहे. सर पुढच्या सीटवरून तेच बोलतील. त्यांना काय विचारायचं ते तुम्हाला आता माहीत आहे : पोरीले मशीन कवा देता? उत्तर मिळेपर्यंत गाडीचं दार लावू देऊ नका.

पण ते पुढचं. आज, हे वाचून झाल्यावर, एक काम करा. लग्नसराई तोंडावर आहे. तुमच्या पोरीचा, सुनेचा, तुमचा स्वतःचा ब्लाउज तालुक्याला न्यायच्या पिशवीतून बाहेर काढा आणि शेवंताच्या दारात नेऊन टाका. डोरीवालाच टाका. मापाचा सोबत द्या. शिवण लहरली तर परत न्या, उसवून मागा, पण दुसरीकडे नेऊ नका. जो हात आपण सगळ्यांनी गाडीत बसवून तिकडं पाठवला, त्याला परत चालता करायला कापड लागतं, आणि ते कापड तुमच्या घरात आहे. घेऊन जा.