एकाच दुधाचे

चतुराबाईच्या हातात माईक देऊ नका, असं कुणीतरी त्या पोरांना आधीच बजावायला पाहिजे होतं. पण सांगणार कोण? भोकरदनच्या चर्चमागं ख्रिस्ती वस्ती आहे, तिथली ही बाई. तिचं एकुलतं लेकरू जन्मताच गेलं, त्याचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. पुढं कूस उजवली न्हाई आणि नवराही गेला. लोकांची लेकरं खेळवण्यातच तिची उमर सरली.

यंदा चर्चच्या तरुण मंडळानं गल्लीचा इतिहास गोळा करायला घेतला. इकडची ख्रिस्ती घरं, समोरची मुसलमान घरं, एकमेकांच्या अडीनडीला कशी धावली ते जुन्या माणसांनी सगळ्यांसमोर सांगायचं. मंडळाच्या सुमितनं फारच आग्रह केला, म्हणून चतुराबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला विचारलं होतं, आणि बाई अशी खुलली की बस्स.

आपलं लेकरू गेलं त्याच थंडीत दुधानं पदर ओला व्हायचा, जीव नको व्हायचा, असं ती सांगू लागली. समोरच्या नजीरची आई आपली नात गुपचूप घेऊन आली, कारण सुनेला दूध नव्हतं. पलीकडच्या घरात बाळंतीण दगावली, तिथल्या म्हातारीनंही नातू असाच मागच्या दारानं आणला. या घरचं त्या घराला ठाऊक न्हाई. दोन्ही म्हाताऱ्या आता मातीआड गेल्या. "नाहिद आन् अबुबकर," चतुराबाई कौतुकानं म्हणाली, "दोघं बी माझ्याच दुधावर जगले."

ख्रिस्ती बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. मुसलमान बाजूचं एक माणूस हललं न्हाई. अहो, त्याच दोघांचा निकाह पुढच्या जुम्म्याला होता! मुसलमानांत एका बाईचं दूध प्यालेली म्हणजे सख्खी भावंडं, त्यांचं लग्न हराम. गल्लीत जन्म काढलेल्या या बाईला एवढं ठाऊक नसावं? नव्हतं. नजीर उठला, लेकीचा हात धरून घरी घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत लग्न मोडलं.

दुसऱ्या दिवशी नाहिद आली. डोळे सुजलेले. खाला, एवढंच म्हण की तुझी गफलत झाली, ते पोरगं दुसरंच होतं, असं ती पाया पडून विनवत राहिली. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द दिला तर चतुराबाईपाशी उरत काय होतं? पाळणा न्हाई, फोटो न्हाई, कबरीवर नाव न्हाई. दोन तोंडांनी दूध ओढलं होतं, तेवढंच तिचं आईपण.

"पाजलंय मी," ती म्हणाली. "न्हाई कसं म्हणू?"

नाहिद उठली. डोळे पुसले. तिच्या आवाजात आता नुसतं विष होतं.

"मंग आजपासून तुला अम्मी म्हणू का?"

आणि निर्लज्ज बाई, तिचा चेहरा उजळला. "म्हण," ती म्हणाली.