मस्कतमध्ये मी कप विसळला

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सात वर्षांच्या तन्वीने माझ्या ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता.

"ताई, यू कमिंग बॅक, कॅन ऑर नॉट?"

"कॅन," मी म्हटलं.

"डोन्ट ब्लफ, लाह."

तिची आई, सुनंदाताई, एकीकडे डोळे पुसत होत्या आणि एकीकडे हसत होत्या. सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी तीन वर्षं राहिले. खोली भाड्याची, पण मला यायला उशीर झाला की ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते सोडून मी मस्कतला शिकायला निघाले होते. नोकरीचा राजीनामा दिला होता, वर्क पास रद्द झाला होता, आणि खरं सांगते, मला भीतीबिती काही वाटत नव्हती. विमान कधी एकदा उडतंय असं झालं होतं.

तेवढ्यात वाशीमहून फोन. आई म्हणाली, "पोचल्यावर जेव." पप्पा नेहमीचंच म्हणाले. मी कॉलेजला पुण्याला निघाले तेव्हाही हेच, सिंगापूरला निघाले तेव्हाही हेच: "परक्याच्या घरी आपला कप आपण विसळून ठेवायचा. कुणी सांगायच्या आत."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला त्याचा अभिमान आहे. केमिकल इंजिनियर झाले आणि जुरोंग आयलंडवर नोकरी लागली. सकाळी कंपनीची बस, गेटवर पास, आणि दिवसभर मेम्ब्रेन. मेम्ब्रेन म्हणजे पापडासारखा पातळ पापुद्रा. समुद्राचं पाणी जोराने त्यातून ढकललं की मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी पुढे जातं. पण त्यावर शेवाळ धरतं, आणि ते धुणं हे माझं काम. धुता धुता वाटायला लागलं, हे चिकटतंच का ते शिकलं पाहिजे. आणि ज्या गावाची तहान समुद्रावर भागते, तिथेच शिकलं पाहिजे.

मस्कत! एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, मधे सगळी पांढरी घरं. सिंगापूरमध्ये झाड नसलेली जागा सापडत नाही, इथे झाड दिसलं की मी फोटो काढायचे. पहिल्याच तासाला हजेरी झाली. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "हादिर." मी दचकलेच. ही तर आमची शाळेतली हजर! मग मी वहीच घातली. वकील त्यांचा, साबण त्यांचा. रोज एक शब्द सापडायचा आणि रोज मी तो वाशीमला फोनवर सांगायचे. पप्पा म्हणायचे, "म्हणजे आपण अर्धी अरबी बोलतच होतो की!"

एक गोष्ट मात्र मी घरी सांगितली नव्हती. पहिलं सत्र संपायच्या आत एखाद्या प्राध्यापकाने 'ही माझी विद्यार्थिनी' असं लिहून द्यायला हवं होतं. नाही दिलं तर शिष्यवृत्ती बंद, गाशा गुंडाळायचा. मेम्ब्रेनवर काम करणाऱ्या एकच, डॉक्टर सलमा. त्यांच्याकडे जागाही एकच, आणि ती मागणाऱ्या आम्ही तिघी. चार दिवस उरले असताना त्यांनी आम्हा तिघींना घरी बोलावलं.

मोठी बैठकीची खोली. भिंतीला टेकून गाद्या, मधे खजूर आणि हलव्याचं एकच भांडं, सगळ्यांची बोटं त्यातच. डॉक्टरांच्या आई स्वतः कॉफी ओतत होत्या. या आजी मत्रा बाजारातल्या हिंदी दुकानदारांशी घासाघीस करून करून हिंदी शिकलेल्या. कप बिनकानाचे, इवलेसे, आणि माणसं जास्त, कप कमी. एकीचं पिऊन झालं की कप वाडग्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि त्याच कपात दुसरीला कॉफी द्यायची. पुरे झालं की कप जरासा हलवायचा, मग आजी ओतणं थांबवतात. हे मला माहीत नव्हतं. आजी ओतत गेल्या, मी पीत गेले. सहाव्या कपानंतर मी उठले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, कप साबणाने खसखसून घासला, पुसला आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा घातला. बाजूला. एकटा.

मागे वळले तर आजी त्या कपाकडे बघत होत्या.

आजींनी विचारलं, "कप गंदा था क्या, बेटी?"

"नहीं नहीं, आजी!" मी घाबरून चक्क आजीच म्हणाले. "सिंगापूर की आदत है. वहाँ सब खुद उठाते हैं."

हे खोटं नव्हतं. हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवलं की ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा, मग तुम्ही बँकेत साहेब असा की आणखी कुणी. तिथे सगळेच उचलतात, म्हणून माझं उचलणं कधी कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. माझ्याही नाही.

डॉक्टर सलमा शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "मी सिंगापूरला राहिलेय. तिथे ट्रे परत ठेवतात, बरोबर. पण सगळ्यांच्या ट्रेसोबत ठेवतात. तू कप वेगळा का ठेवलास?"

आली का पंचाईत! चार दिवस उरलेले, आणि प्रश्न असा. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींत कुणी आडनाव विचारलं तर मी नुसतं नाव सांगून विषय बदलत असे. तीन वर्षं ते छान जमलं होतं. इथे विषय बदलला असता तर आजींच्या मनात एवढंच राहिलं असतं की या मुलीला आमच्या घरचा कप घाण वाटला.

म्हणून सांगितलं. माझे वडील कचेरीत शिपाई होते. सगळ्यांचा चहा तेच आणायचे. पण त्यांचा स्वतःचा कप वेगळा, खिडकीत उपडा. पिऊन झाला की विसळून तिथेच ठेवायचा. कारण आमची जात. आम्ही बौद्ध झालो, आम्ही ती मानत नाही, पण कचेरी मानायची. कुणी तोंडावर सांगून अपमान करण्यापेक्षा आपणच आधी उठलेलं बरं, असं पप्पांनी ठरवलं. तेच माझ्या हातात आलं. मला वाटायचं, ही शिस्त आहे.

डॉक्टर अरबीत सांगत होत्या, आजी ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. छे! आजी चिडल्या.

"तेरा बाप चाय लाता था, और उसी का कप अलग? ये कैसे लोग हैं?" मग माझ्याकडे बोट. "बाप को बोल, इधर आना. मेरे घर में आके बैठना. उठना नहीं! बेसिन की तरफ गया तो मैं मारूँगी."

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने. आजींनी कठड्यावरचा कप आणला, त्यात ओतली, स्वतः प्यायल्या आणि परत भरून माझ्यापुढे धरला. सातवा. तेव्हा कुठे शेजारी बसलेल्या मुलीने माझं मनगट धरून कप हलवायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑफिसात बोलावलं. एक शब्द कालचा नाही. तासभर नुसते प्रश्न: जुरोंगला कुठलं रसायन वापरायचात, किती वेळ, शेवाळ कुठल्या कडेने धरायचं. मी बोलत सुटले. तीन वर्षांचं सगळं हातात होतं. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

"तुझा प्रस्ताव मला आधीच आवडला होता," त्या म्हणाल्या. "फक्त एक अट. माझे विद्यार्थी बीकर तसेच सिंकमध्ये टाकून जातात. त्यांना धुवायला तू शिकवायचंस. पण त्यांचे बीकर तू धुवायचे नाहीत."

मी कॉरिडॉरमधूनच वाशीमला फोन लावला. सहीचं सांगितलं, आणि कपाचंही सांगितलं.

"माझी गोष्ट तिकडं सांगितलीस?" पप्पा म्हणाले.

"हो."

"इंग्रजीत?"

"हो. मग त्यांनी अरबीत केली."

"अगं, म्हणजे मी अरबीत गेलो!" आणि ते असे हसले की आई आतून धावत आली.

शिक्षण संपवून आता मी परत सिंगापूरला आहे. क्वीन्सटाउनला जुन्या ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतलाय भाड्याने, ऑफिस अलेक्झांड्राला. आडनाव विचारलं तर सांगते, गावही सांगते, वर जय भीम घालते. काही जण गप्प होतात, बरेच जण चहाला थांबतात. तिकडे गावी असलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या सगळ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की घर म्हटलं की आता माझ्या डोळ्यांपुढे एक जागा येत नाही. वाशीम येतं, सेंगकांगचं झाकलेलं ताट येतं, आजींची गादी येते. जिथे मला बसल्या जागेवरून उठावंसं वाटत नाही, ते सगळं घर.

पुढच्या महिन्यात आई-पप्पा येताहेत. पहिला पासपोर्ट, पहिलं विमान. तिकीट काढताना पप्पा म्हणाले, आधी मस्कत, मग सिंगापूर. तिकीटवाला म्हणाला, "काका, लांबचा फेरा होतो."

"होऊ दे."

काल मी व्हिसाचा फॉर्म भरत होते आणि पप्पा फोनवर होते. विचारलं, "ओमानला जाण्याचं कारण काय लिहू, पप्पा? पर्यटन लिहू?"

"पर्यटन कशाला?" ते म्हणाले. "लिही, बोलावणं आहे."