पट्टा पुरला नाही

लाँड्रीत तिला सगळे मोठी म्हणत. एकाच नावाच्या दोघी एकाच टेबलावर चादरींच्या घड्या घालायच्या, हाक मारली की दोघी वळायच्या, म्हणून एक मोठी झाली आणि दुसरी बारकी. वय विचाराल तर बारकीच थोरली, दोन पोरांची आई. पण वय विचारतो कोण? माणूस डोळ्यांना दिसेल त्यावर नाव ठेवून मोकळा होतो.

मोठीला त्याचं काही वाटत नसे. ती लहानपणापासून तशीच होती, रुंद हाडाची, भरल्या अंगाची, आईच्या वळणावर गेलेली. हॉटेलांतून येणाऱ्या ओल्या चादरींचा जो गठ्ठा उचलायला बाकीच्या दोघी-दोघी लागत, तो ती एकटी कमरेवर घेऊन चालू लागायची. तेव्हा तिचं वजन कुणाला खुपत नसे. "मोठे, जरा हात लाव गं," दिवसभर हेच चाललेलं.

तिला दिवस गेले आणि तिचं अंग एकाएकी साऱ्या दुनियेच्या मालकीचं झालं. कुणीही यावं आणि टपली मारून जावं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला वजनकाट्याकडे बघितलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "आधी वजन कमी करायचं होतं, मग हा विचार करायचा."

"आता तर राहिलंय की बाई," मोठी म्हणाली. "आता काय परत पाठवू?"

बाईंना हे आवडलं नाही. तिथून पुढे मोठीच्या प्रत्येक तक्रारीवर एकच औषध निघू लागलं. पाठ धरते? वजन. पाय सुजतात? वजन. डोकं ठणकतं? वजन. एकदा दाढ दुखते म्हणून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, गोड कमी खा. "उद्या आमच्या घराचं छप्पर गळलं ना," ती बारकीला म्हणाली, "तरी म्हणतील, खाली ही बसली होती म्हणून."

घरी सासूने तिचं ताट बदललं. लहान पोरांना देतात तसली थाळी तिच्यापुढे येऊ लागली. "दोन जिवांचं खावं लागतं म्हणतात," सासू वाढता वाढता हसायची, "पण तू तर आधीपासूनच खातेयस." आणि नवरा? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचा स्वभावही दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा. ना वर, ना खाली. आईपुढे म्हणायचा, "हिचं काही चुकत नाही," पण इतक्या हळू, की ते आईला ऐकूच जाऊ नये. बायकोपुढे म्हणायचा, "जाऊ दे गं, बोलण्याने काय भोकं पडतात का अंगाला?"

पडत होती. सातव्या महिन्यात बसमध्ये तिने एका गृहस्थाला म्हटलं, "जरा बसू द्या हो, मी पोटुशी आहे." त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कधीपासून? जन्मल्यापासून?"

दोघे-तिघे खिंकाळले. मोठीने वरची दांडी घट्ट धरली. "तुमच्या आईला विचारा जाऊन," ती म्हणाली, "की तुम्हाला पोटात वागवून तिचं काय भलं झालं." आता अख्खी बस हसली. पण जागा काही कुणी दिली नाही. हसायला पैसे पडत नाहीत, उठायला ढुंगण उचलावं लागतं.

म्हणून तिला कामावर बरं वाटायचं. लाँड्रीत एक अवाढव्य मशीन होतं. धुतलेल्या चादरी गरगर फिरवून पाणी पिळून काढायचं. सुरू झालं की आधी घोरायचं, मग हंबरायचं, आणि मग सगळी जमीन थरथरायची. त्याला सगळे म्हैस म्हणत. सुपरवायझर एकदा म्हणाला होता, "आपल्याकडे दोन म्हशी आहेत. एक वीज खाते, एक पगार." मोठीने हातातला ओला गठ्ठा त्याच्या बुटांवर सोडला. "सुटला हो हातातून," ती म्हणाली. "जनावराला काय कळतंय?" नंतर त्याने ती उपमा पुन्हा काढली नाही.

तर ती म्हैस सुरू झाली की मोठीच्या पोटातलं पोर नाचायचं. पाचवा महिना सरता सरता हे सुरू झालं आणि मग एकही दिवस चुकला नाही. म्हैस हंबरली, घड्यांचं टेबल थरथरलं, की आतून ढुशी. बारकी लगेच हात पुसून तळवा लावायची. इस्त्रीवाल्या बायाही लावायच्या. "पाय आहे गं हा!" "छे, कोपर!" "बाप लिफ्टवाला ना, वर-खाली करतंय!" एवढ्या जाड पोटातून त्या सगळ्यांच्या हाताला ते लागत होतं. हे ध्यानात ठेवा.

आठवा महिना लागून बरेच दिवस झाले होते. त्या सकाळी म्हैस घोरली, हंबरली, जमीन हलली. मोठी टेबलाला पोट टेकवून उभी राहिली. आत काहीच नाही.

"झोपलं असेल," इस्त्रीवाली म्हणाली.

म्हशीत चादरींचा दुसरा घाणा लागला. मोठीने श्वास रोखून धरला. बारकीने तळवा ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. बारकीचं तोंड एरवी दळण दळावं तसं चालू असे, ते बंद पडलं.

"काल?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळी नुसतं सरकल्यासारखं वाटलं. रात्रीपासून तेही नाही."

बारकीने हातातली चादर तशीच टाकली. "पर्स घे," ती म्हणाली. सुपरवायझर कुठे निघालात म्हणून आडवा आला, त्याच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

दवाखान्यात टेबलामागे सिस्टर बसलेली. मोठीने सांगितलं, बाळ हलत नाही. सिस्टरने ते ऐकलं आणि बारकीकडे बघून म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, अशा शरीरात हालचाल नीट कळत नसते."

"मला कान आहेत," मोठी म्हणाली. "मला सांगा."

"अहो, एवढ्या थरातून—"

"रोज कळत होती. रोज. काल रात्रीतून थर वाढला का माझा?"

डॉक्टरीणबाई एका खोलीतून दुसरीत चालल्या होत्या. सिस्टरने तिथूनच विचारलं, त्यांनी चालता चालताच उत्तर दिलं. "काही नसतं. घरी जाऊन काहीतरी गोड थंड प्यायला सांग आणि डाव्या कुशीवर पड म्हणावं." आणि दार लागलं. एरवी गोड खाऊ नको म्हणून जीव खाणारी बाई!

मोठीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आगीच्या खाली भीती होती, गार, ओल्या चादरीसारखी गच्च. आपण आता घरी गेलो तर हे पोर जाईल, एवढं एकच तिला कळत होतं.

"ते ठोके ऐकायचं मशीन लावा," ती म्हणाली. "लावल्याशिवाय मी जायची नाही."

सिस्टर उसासा टाकून उठली. कोपऱ्यातल्या कॉटवर तिला झोपवलं, पोटावर ती वाटोळी चकती ठेवली आणि पट्टा पाठीखालून ओढला. पट्टा आला, आला आणि दीड वीत अलीकडे थांबला. सिस्टरने ओढून बघितलं. चकती घसरून कॉटवर पडली.

"पट्टा पुरत नाही," सिस्टर म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. म्हणजे झालं, विषय संपला.

"मोठा पट्टा आणा."

"हाच आहे."

"का? या दवाखान्यात मी पहिलीच जाडी बाई आले का?"

"नाही हो, येतात ना पुष्कळ."

"मग त्यांचं काय करता?"

सिस्टर वायर गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेली, "पट्टा पुरत नाही म्हटलं की जातात घरी."

बारकीने मोठीकडे बघितलं. मोठीने कॉटची कड धरली.

"आणि मग?" मोठीने विचारलं. "घरी गेल्यावर मग काय होतं त्यांचं?"

सिस्टरचा हात थांबला. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलेलं नसावं.

मोठीचा फोन वाजला. नवरा. बारकीने वाटेत त्याला कळवलं होतं. "काय म्हणाले डॉक्टर?" त्याने विचारलं. घरी जा म्हणतात, हे ऐकून त्याने सुटकेचा श्वास टाकला, तो तिला इकडे ऐकू आला. "मग चल ना घरी. ते शिकलेले लोक आहेत. उगाच तमाशा कशाला?"

एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. लग्नापासून कधी चुकली नव्हती. त्या कॉटवर ती पहिल्यांदा अरे-तुरेवर आली.

"ऐक. तुझ्या लिफ्टमध्ये माणूस अडकला आणि आतून बेल मारायचा थांबला, तर तू काय म्हणतोस? जाडा आहे, असू दे आत? दार तोडतोस ना? मग ये इकडे आणि दार तोड. नाही तर घरी बसून आईच्या हातचं जेव." आणि तिने फोन ठेवला.

मग ती सिस्टरकडे वळली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता. बारकीला त्या खालच्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"पट्टा नाही पुरत तर हाताने धरा."

"अहो, निदान वीस-पंचवीस मिनिटं धरावं लागतं. एवढा वेळ कोण धरणार?"

"मी," बारकी म्हणाली आणि बाह्या वर करून कॉटला भिडली. "दिवसभर उभ्याने चादरींच्या घड्या घालते मी. तुमची चकती काय चावते का?"

सिस्टरने गुंडाळलेली वायर सोडली. चकतीला पुन्हा जेली लावली, आणि या वेळी घाई केली नाही. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मशीनमधून नुसती खरखर. मोठीने छताकडे डोळे लावले. खरखर, खरखर. आणि मग एकदम, लांबून कुणी पळत यावं तसे ठोके.

"हाय गं!" बारकी ओरडली. "हाय की!"

सिस्टरने बारकीचे दोन्ही हात चकतीवर नीट बसवले. "दाबून. हलवू नका." कागद सरकत राहिला, त्यावरची रेघ चालत राहिली. आणि मग पळणारं ते कुणीतरी दमलं. ठोके मंद झाले. आणखी मंद. पुन्हा उठले, पुन्हा बसले. सिस्टरने कागद फाडून हातात घेतला आणि ती धावली. जिच्या पायात इतका वेळ जडपणाने घर केलं होतं, ती पोरीसारखी धावली.

पुढचं सगळं घाईत झालं. डॉक्टरीणबाई आल्या, या वेळी दारातून नाही, थेट कॉटपाशी. त्यांनी कागद बघितला, तिच्या पोटावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल." नवरा पोचला तेव्हा तिला आत नेत होते. तो घामाघूम, हातात अजून पाना. "मी आलोय," तो म्हणाला. "जागेवरच थांब," ती म्हणाली. "आणि या लोकांनी कुणी काही सांगितलं, तर मान डोलवू नकोस. विचार."

मुलगी झाली. एवढीशी, दोन तळव्यांत मावेल अशी, रडली तीही मांजराच्या पिल्लासारखी. पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. मोठीला टाक्यांमुळे धड बसता येत नव्हतं, तरी ती बसली. "बाळाची वाढ आतच खुंटली होती," बाई म्हणाल्या. "वजन फार कमी भरलंय."

"मग चांगलंच की," मोठी म्हणाली. "तुम्हाला कमीच हवं होतं ना?"

शेजारच्या कॉटवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली. "महिनोन्महिने पोट मोजलं आम्ही, पण तुमच्या बाबतीत अंदाज येणं अवघड... असो. वेळेवर आलात म्हणून वाचली."

"मी वेळेवरच आले होते, बाई. उशीर तुम्ही केलात. ही आत विझत होती आणि तुम्ही मला गोड प्यायला घरी धाडत होता. माझ्याआधी ज्या गेल्या, त्यांच्या दारात जाऊन विचारा एकदा, काय झालं ते."

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. मग पुढच्या कॉटकडे गेल्या. माफी मागण्याचा त्यांना सराव नसावा. उशाशी उभ्या नवऱ्याने मोठीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. राग काही पोर झालं म्हणून उतरत नसतो. पोर वाचलं की त्याला उलट नीट जागा मिळते बसायला.

संध्याकाळी तीच सिस्टर मुलगी घेऊन आली. मोठीच्या छातीवरचं कापड बाजूला करून तिने ते एवढंसं मुटकुळं उघड्या अंगावर पालथं ठेवलं. पोर हुंकारली, नाक घासलं, आणि गप्प झाली.

"असंच ठेवा, अंगाला अंग लावून," सिस्टर म्हणाली. मग मन मोकळं करावं तशी हसली. "तुमच्याकडे ऊब भरपूर आहे हो. अशी भरल्या अंगाची आई मिळाली, नशीबवान आहे पोरगी."

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मोठीलाही ते कळलं. तिने पोरीच्या पाठीवरून हात काढला नाही, मान तेवढी उचलली.

"माझ्या अंगाबद्दल बोलायचं नाही," ती म्हणाली. "चांगलंसुद्धा नाही."

सिस्टरचं हसू गेलं. तिने पायाने स्टूल सरकवलं आणि ती बसली. "बरं," ती म्हणाली. मग विचारलं, "टाके दुखतात का?"

"दुखतात," मोठी म्हणाली. "फार दुखतात."

सिस्टर उठली, आणि पुढे एक अक्षर न बोलता गोळी आणायला गेली.