एका सकाळएवढं रान

६ मार्च २००५. कुरुंद्याच्या शेतात मी हळद शिजवत होते. दिगंबर भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा कढई उतरायच्या बेतात होती. आधी हळद बाहेर काढली, जाळ विझवला, मगच निघाले. त्यांनीही हेच केलं असतं.

भाऊजी माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ. पुण्याच्या कारखान्यात त्यांच्यावर एक जर्मन साहेब होता, शेतकऱ्याच्या घरचा. नोकरी सोडून ९६ साली भाऊजी गावी आले, ते त्याचा एक शब्द घेऊनच. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही...

"वहिनी, त्यांच्याकडं रान मॉर्गनवर मोजायचे. मॉर्गन म्हणजे सकाळ! सकाळी जुंपल्यापासून औत सोडेस्तोवर एका जोडीनं जेवढं व्हईल तेवढं रान!"

"आधी चहा घ्या. साहेबाचे बैल अन् आपले बैल सारखेच चालतात व्हय?"

"बैलाचं सोडा वो! रान तरी कुठं सारखं असतंय? म्हणून तर गावागावाची मॉर्गन लहान-मोठी!"

आमची वाटणी नुकतीच झाली होती. एकर सारखे, पण ओढ्याकाठची काळी त्यांना आणि माळ आम्हाला. भाऊजींनी आमचीच जोडी वखराला जुंपली. काळीत दुपारच्या आत पलीकडच्या बांधावरच्या बाभळीपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी माळावर वखराची लोखंडी पास दगडाला अडकून अडकून निम्मंसुद्धा रान होईना. आमचे मालक वैतागून बांधावर बसले. भाऊजी मात्र ओरडत सुटले, "साहेब खरा बोलला, खरा बोलला! एकर सारखे, पण रान सारखं नाही!" त्याच दिवशी त्यांनी आपल्या काळीतली एक पट्टी आम्हाला दिली आणि तिच्या कडेला स्वतःच्या हातानं हद्दीचा दगड रोवला. कुणी मागितली नव्हती.

तेरवी झाल्यावर त्यांचा थोरला, मारोती, दारात उभा राहिला. "काकू, बापानं भोळेपणात पट्टी दिली. आता एकर बराबर करून घ्या."

"आज काळीत वखर धरलास ना? कुठवर गेलास?"

"बाभळीपर्यंत. काहून?"

"उद्या उजाडता माळावर ये."

सकाळी मी जोडी जुंपली आणि वखर मारोतीच्या हाती दिला. ऊन तापल्यावर औत सोडलं. तो घाम पुसत मागचं निम्मंसुद्धा न झालेलं रान बघत राहिला... मग बापासारखाच मोठ्यानं हसला. "काकू, दगड हाय तिथंच राहू द्या."

मी बैल पाण्यावर नेले.