फॉर्मची पहिली ओळ

गालाची आतली बाजू तुम्ही आरशात शेवटची कधी पाहिलीत? आमच्या कारखान्यात हा प्रश्न विचारायला मी तीन दिवस टेबल मांडून बसले होते. उत्तर द्यायला कोणी आलंच नाही.

कारगिलची लढाई चालू होती. जबलपूरचा आमचा दारूगोळ्याचा कारखाना तिन्ही शिफ्टला भरलेला. मी तिथल्या दवाखान्यात नर्स. आत माचीस न्यायला बंदी होती. गेटवर ती जमा करून पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला देऊन माचीस परत. आत बिडी नाही, म्हणून बहुतेक जण तंबाखू चघळत. त्यासाठीच तोंडाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग ठेवलं होतं. स्क्रीनिंग म्हणजे त्रास सुरू होण्याआधीच केलेली तपासणी.

चौथ्या दिवशी डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, रिपोर्ट में लिख दो, वर्कर्स में अवेयरनेस नहीं है।"

"कोणाला न विचारता कसं लिहू, सर?"

मी फॉर्मचा गठ्ठा उचलला आणि शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन उभी राहिले. महाराजपूरचे भास्करकाका बिल्ला परत देत होते. गोळ्यात दारू भरायच्या सेक्शनमधले जुने कामगार.

"काका, तपासणीला काहून नाही आले?"

"तंबाखूनं काय होते ते मले नको शिकवू, बेटा. तुमचं पोस्टर रोज वाचून राहिलो." त्यांनी फॉर्मच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. टोकन नंबर, म्हणजे कारखान्यात ज्या नंबरानं कामगार ओळखला जातो तो. "हा लिहिला का तुमचे साहेब अनफिट लिहिणार. मंग मी स्टोअरमध्ये झाडू मारू? तिकडं पोरं लढून राहिले अन् मी झाडू मारू?"

"तिखट झोंबते का तोंडाला?"

काकांनी जेवणाचा डबा पिशवीत खाली सरकवला. मागचा सोबती हसला, "दीदी, इनके डब्बे में दो महीने से दही-भात चल रहा है।"

मी तशीच साहेबांकडे गेले. "सर, अवेयरनेस भरपूर आहे. भरवसा नाही. ही ओळ काढा. माचिशीसारखा बिल्ला देऊ, रजिस्टरमध्ये फक्त बिल्ल्याचा नंबर."

"और किसी को निकला तो?"

"तेव्हा त्यालाच विचारू, नाव लिहायचं का."

साहेब कुरकुरले, पण ओळ खोडली. टेबल गेटवर आणलं आणि रांग लागली. काका दुसऱ्या दिवशी आले. डाव्या गालात पांढरा चट्टा. त्याचा बारीक तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली. कॅन्सर होता, पण अजून लहान.

"काका, ऑपरेशन करावं लागते. आता नाव पाहिजे."

त्यांनी बिल्ला टेबलावर ठेवला. "लिही. पण अनफिट नको लिहू."

साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं: उपचारासाठी रजा, सेक्शन तोच.

काका परतले तेव्हा लढाई संपली होती. हसू थोडं तिरपं झालं होतं, तंबाखू सुटली होती. डब्यात मात्र मिरचीचा ठेचा होता.

लोक येत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवण्याआधी आपला फॉर्म वाचावा, एवढं मी शिकले. तुमच्या ऑफिसात असं शिबिर भरलं, तर पहिली ओळ वाचा. लोक जिला घाबरतात ती ओळ भांडून काढायला लावा. आणि आज आरशापुढे तोंड उघडा. पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दवाखान्यात जा. दुखायची वाट पाहू नका.