अप्पांचा पहिला घास

बसवंतअप्पांनी माझी ओळख करून घेतली ती माझ्या आईनं केलेलं धपाटं मोडून. मी तेव्हा नवी नवी वकील होते. नांदेडहून एका तुरुंगात अशिलाला भेटायला गेले होते. कुठला तुरुंग ते सांगत नाही; मराठवाड्यातला एक, एवढं पुरे. पिशवीत माझाच दुपारचा डबा होता. फाटकावरच्या उंच हवालदारांनी नळावर हात धुतले, धपाट्याचे तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "मीठ जास्त हाय. आई रागात व्हती काय?" मला भयंकर राग आला. त्यातून आई सकाळी खरोखरच रागात होती.

अप्पा उदगीरकडचे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज कधी चढायचा नाही. कैद्यांसाठी घरून येणारा प्रत्येक डबा त्यांच्या हातून आत जाई. आत ब्लेडचं पातं लपवलेलं नाही ना, हे बघायला भाकरी मोडायची, भात चिवडायचा, लाडू फोडायचा. मटणाचा डबा आला की मात्र ते दोन पावलं मागं सरत आणि जोडीदार शेखभाईंना हाक मारत. ही सवय हाताला इतकी लागली होती, की लग्नाच्या पंगतीतही लाडू फोडून बघितल्याशिवाय ते खात नसत. त्यांच्या पत्नी शांताकाकू म्हणायच्या, "घरात मी काय पाती शिजवून राहिले का?"

पण मोडण्याची त्यांची एक रीत होती. डबा आणणाऱ्याच्या समोर मोडायचा, हात धुऊन मोडायचा आणि पहिला घास स्वतः खायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "परक्यानं पोराची भाकर मोडली की आईला लई लागतं. त्यानं ती खाल्ली की मग न्हाई लागत."

एका दिवाळीच्या गर्दीत शेवेच्या पुडीखालून एक पातं आत गेलं. बराकीत भांडण झालं आणि एका पोराचा गाल कानापासून ओठापर्यंत फाटला. दुसऱ्या दिवशी अप्पा आपण होऊन साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या नजरेतून सुटलं, घरचे डबे बंदच करा. काही महिन्यांनी वरून तसाच आदेश आला. घरचं अन्न बंद. जे लागेल ते आतल्या कँटीनमधून.

मी फाटकावर उभी राहून त्यांच्याशी भांडले. खटला चालू आहे, गुन्हा अजून शाबीत नाही, अशा माणसाचं घरचं जेवण तोडता कसं, वगैरे. कोर्टात बोलते त्यापेक्षा जास्तच बोलले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वकीलबाई, तुमी हक्काचं बोलता. म्या त्या पोराच्या गालाचं बोलून राहिलो."

त्यानंतर त्या फाटकातून पातं आत गेलं नाही, हे मला मान्य करावंच लागेल.

आदेश सगळ्यांना कळला. इस्लापूरच्या कौसाबाईंना तो कळूनही कळला नाही. त्यांचा मुलगा दिगंबर माझा अशील. म्हातारी पहाटे घर सोडायची, रेल्वेनं मुदखेडला यायची, तिथून पुढं एसटी. हातात फडक्यात बांधलेला डबा असायचाच. पहिल्या खेपेला अप्पांनी डबा आत जाणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तूच खा बाबा एक घास. आन् त्याला जाऊन सांग, कसं झालंय ते."

आणि अप्पांनी ते केलं. हात धुऊन, भाकरी मोडून एक घास खाल्ला आणि आत जाऊन दिगंबरला सांगितलं, "अंबाडीची भाजी हाय. लसूण ढीगभर." पुढं प्रत्येक खेपेला हेच. दिगंबर मला म्हणायचा, "म्याडम, अप्पानं सांगितलं की त्या दिवशी कँटीनची डाळबी घशाखाली जाती." नियम कुठं मोडला नव्हता. अन्न आत गेलंच नव्हतं, फक्त त्याची बातमी गेली होती.

मग फाटकावर कॅमेरा बसला आणि नवी सूचना आली: भेटीला येणाऱ्यांकडून कर्मचाऱ्यांनी खाण्याची वस्तूसुद्धा घ्यायची नाही. लाच थांबवण्यासाठी होती ती, आणि त्यातही चूक काही नव्हती. त्यानंतरच्या खेपेला कौसाबाईंनी फडकं सोडायला घेतलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "नगा सोडू, आई. वर कॅमेरा हाय." कौसाबाईंनी गाठ पुन्हा बांधली. मुलाला काचेपलीकडून बघितलं आणि डबा तसाच घेऊन परत गेल्या. पुढच्या भेटीआधीच त्या वारल्या.

दिगंबरनं अप्पांना एकच विचारलं: "शेवटच्या बारीला मायनं काय आनलं व्हतं?"

अप्पांना सांगता आलं नाही.

अप्पांच्या निवृत्तीनंतर मी लातूरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा हे त्यांनी मला सांगितलं. समोर पोह्यांची बशी निवत होती.

"खायाची बंदी व्हती, वकीलबाई. बगायची कुटं व्हती? झाकण काढून नुस्तं बगितलं असतं, तर त्याला सांगता आलं असतं. म्या फडकंबी सोडू दिलं न्हाई."

"नियम चुकीचा होता म्हणता?"

"न्हाई. नियम बरोबर व्हता. माझंच चुकलं."

दिगंबर निर्दोष सुटला, त्यालाही बराच काळ लोटला होता. अप्पा एकदा इस्लापूरला जाऊन त्याच्या बायकोला विचारून आले, त्या दिवशी डब्यात काय होतं म्हणून. तिला आठवत नव्हतं. कुणाला आठवणार?

यंदा अप्पा लातूरच्या एका दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होते. नाकात नळी, आवाज अगदी खोल गेलेला. मी सकाळी उठून मेथीची धपाटी केली, कुणासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. वॉर्डाच्या दारात नर्सनं डबा बघितला आणि सांगितलं, बाहेरचं काही द्यायचं नाही. मी म्हटलं, देणार नाही.

आत जाऊन आधी बेसिनवर हात धुतले. त्यांच्या डोळ्यांसमोर झाकण काढलं, धपाटं मोडलं आणि पहिला घास मी खाल्ला. "मेथीचं आहे, अप्पा. तीळ घातलेत. कडा जरा करपल्यात."

त्यांनी डब्यात नीट बघितलं. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"मीठ?"

"जास्त झालंय."

"मंग रागात केलंय तुमी," अप्पा म्हणाले.

होते मी रागात. पण कुणावर, ते मला त्यांना सांगता आलं नाही. मी झाकण लावलं आणि डबा घेऊन बाहेर आले.