केट्याच्या वास्तुशांतीची तयारी

दारावर थाप पडली तेव्हा माझ्या एका हातात एअर फ्रेशनर होता आणि दुसऱ्या हाताने मी खिडकी उघडत होते. सासूबाईंनी सुकी मासळी भाजायला घेतली होती. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये याआधी एकदा या वासावरून लीझिंग ऑफिसची चिठ्ठी आली होती, त्यामुळे थाप ऐकताच मी आणखी दोनदा फ्रेशनर मारला. मी मूळची नागपूरची. सासरी वेंगुर्ल्याला जाईपर्यंत मासा मी फक्त ॲक्वेरियममध्ये पाहिलेला. पण सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी एका व्हिएतनामी दुकानात बोटाएवढ्या सुक्या माशांच्या पिशव्या शोधून काढल्या होत्या. तेव्हापासून दर शनिवारी आमच्या घरात असा गोंधळ असायचा.

दारात वरच्या मजल्यावरची शेजारीण उभी होती. उंच, नर्सच्या निळ्या कपड्यांत, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. जिन्यात 'हाय' म्हणण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"हा वास तुमच्याकडून येतोय?" तिने विचारलं.

मी "आय ॲम सो सॉरी" सुरू केलं, तर तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "कोण भाजतंय?" ती म्हणाली. "मला त्यांना भेटायचंय."

पुढच्या दहा मिनिटांत ती आमच्या टेबलाशी भात आणि सुक्या मासळीचं कालवण खात बसली होती, हाताने. सासूबाई समोर बसून तिची बोटं बघत होत्या. ती ज्या सफाईने काटे बाजूला काढत होती, ते पाहून त्या मला म्हणाल्या, "अगो, ही आपल्यातली आहे."

ती घानाची होती, तिथल्या केटा नावाच्या गावची. तिच्याकडे अशाच माशांना 'केट्याची शाळकरी पोरं' म्हणतात, असं तिने सांगितलं आणि मी ते भाषांतर करून सांगताच सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून त्यांनी तिला 'सिस्टरबाई' म्हणायला सुरुवात केली आणि तिने त्यांना 'मामा'.

"मामा काय म्हणते मेली?" सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. "मी काय तिच्या आईचा भाऊ?"

तिच्या एवे भाषेत मामा म्हणजे आजी, हे कळल्यावर मात्र त्या खूश झाल्या. मग वेंगुर्ल्याला फोन करून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी इथे मामा झालेय."

मे महिन्यात एका शनिवारी सिस्टरबाई नाचतच खाली आली. तिच्या आईला घर मिळालं होतं. ही एवढी मोठी गोष्ट का होती, ते तिने आम्हाला नकाशा काढून समजावलं. तिचं गाव म्हणजे वाळूची एक अरुंद पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मैलोन् मैल पसरलेलं खारं पाणी. समुद्र वर्षानुवर्षं हे गाव खात आला. ती शाळेत असताना एका पावसाळ्यात त्यांचं घरही गेलं. भिंती आधी, मग विहीर. पुढे सरकारने दगडांचे बांध घातले, भर टाकून जमीन परत मिळवली आणि घरं गेलेल्यांना तिथे घरं द्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी तिच्या आईचा नंबर लागला होता. ऑगस्टमध्ये पाद्री येऊन प्रार्थना म्हणणार, गावजेवण होणार, ढोल वाजणार.

"म्हणजे वास्तुशांत," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळे या," सिस्टरबाई म्हणाली.

"येतो," मी म्हटलं.

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चंद्राचं तिकीट काढलंय. "अगं, निदान नकाशात तरी बघ ना आधी," तो म्हणाला. मग आम्ही कम्प्युटरवर नकाशा उघडला. ती पट्टी खरंच इतकी बारीक होती, की माऊसचा बाण ठेवला की गाव दिसेनासं व्हायचं. आमची सात वर्षांची लेक खुर्चीवर उभी राहून ओरडली, "वी आर गोइंग टू लिव्ह ऑन अ नूडल!" सासूबाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या आणि निवांतपणे म्हणाल्या, "ही तर खाडीच झाली. यात काय बघायचं? आपल्या दारात आहे तशी."

पण त्या रात्री जेवताना त्यांनी तीन वेळा विचारलं, "कुठल्या बोटीने जायचं त्या खाडीत?"

पुढचे सहा आठवडे आम्ही जमिनीवर नव्हतोच. नवरा सुरुवातीला विरोधात होता, पण त्याला कोणी एक्सेल शीट उघडू दिली की तो कुठल्याही गोष्टीच्या बाजूने होतो. त्याच्या शीटमध्ये 'मच्छरदाणी' या एका ओळीखाली चार उपओळी होत्या. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं सोडून तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचायची. लेकीने शाळेत सांगून टाकलं होतं, की ती आफ्रिकेत राहायला चालली आहे. तिच्या टीचरने मला थांबवून, काळजीने, "इज एव्हरीथिंग ओके ॲट होम?" असं विचारलं. सासूबाई 'वोएझो' म्हणायला शिकल्या, म्हणजे 'या, सुस्वागतम'. ते पाहुण्यांनी नव्हे तर यजमानांनी म्हणायचं असतं, हे सिस्टरबाईने परोपरीने सांगूनही त्या कुरिअरवाल्यापासून सगळ्यांना वोएझो करत राहिल्या.

एका रविवारी दोन म्हाताऱ्यांचा फोन झाला. सिस्टरबाईने कॉलिंग कार्डाने आईला लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून आई एवेमध्ये बोलायची, सिस्टरबाई मला इंग्रजीत सांगायची, मी सासूबाईंना मराठीत. मग तोच प्रवास उलटा. पहिली पाच मिनिटं तब्येत आणि हवा झाली. मग तिकडून विचारलं गेलं, तुमच्याकडे मासे वाळत घातले की कावळे येतात का? सासूबाई पुढे सरकल्या. कावळे येतात, मांजरंही येतात, जाळं टाकलं तरी येतात. मग मीठ किती, ऊन किती दिवस, पावसाआधी किती भरून ठेवायचे. बोलणं इतकं वेगात आलं, की आम्ही दोघी दुभाष्या मागे पडलो. मी एक वाक्य अर्ध्यावर आणलं असेल नसेल, तोवर पलीकडची आई हसायला लागली आणि इकडे सासूबाईही. कशाला हसल्या, ते सिस्टरबाईला आणि मला आजवर कळलेलं नाही.

मग लसी. यलो फीव्हरची लस घेतल्याशिवाय तिकडे जाता येत नाही आणि तिकडून भारतात तर मुळीच येता येत नाही. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई सासूबाईंचं वय पाहून जरा थबकल्या. साठीच्या पुढे ही लस जपून द्यावी लागते, त्या म्हणाल्या. प्रेशर, साखर, जुनी दुखणी, सगळं विचारलं. मी भाषांतर करत होते. शेवटी सासूबाईच मला म्हणाल्या, "तिला सांग, मी अजून विहिरीचं पाणी काढते." डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि लस दिली. पिवळं कार्ड मिळाल्यावर सासूबाईंनी ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलं.

आमचा फुगा जूनच्या अखेरीस फुटला. नवऱ्याच्या आणि माझ्या पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प केव्हाच संपला होता. अमेरिकेत राहायला आमचे कागद पुरेसे होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की नवा स्टॅम्प मिळाल्याशिवाय परत येता येत नव्हतं. तो वाटेत घेता येईल, असं आम्ही धरून चाललो होतो. कंपनीच्या वकिलीणबाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, की परक्या देशात स्टॅम्प मिळायला आठवडे लागू शकतात, नाकारलाही जाऊ शकतो आणि ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना त्या तरी जायचा सल्ला देणार नाहीत.

मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. बत्तीस वर्षांची बाई, एका न पाहिलेल्या खाडीसाठी. घरी आल्यावर सांगितलं. लेक "दॅट्स नॉट फेअर" म्हणत खोलीत गेली. नवऱ्याने एक्सेल शीट बंद केली. आम्ही तिघं न गेल्यावर सासूबाईंचंही जाणं नाहीच, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "मला तर सप्टेंबरात मुंबईलाच जायचंय ना?"

"हो," नवरा म्हणाला.

"मला इथे परत यायचं नाही. मग मला तुमचा तो स्टॅम्प कशाला हवा?"

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ऑगस्टात सिस्टरबाईबरोबर निघते," त्या म्हणाल्या, "वास्तुशांत करते आणि तिथूनच मुंबईला जाते. वाटेवरच आहे."

"वाटेवर? आई, ते आफ्रिकेत आहे!"

"मग? अमेरिकेतून मुंबईला जाताना मध्ये काहीतरी लागणारच."

नवऱ्याने अर्धा तास वाद घातला. भाषा येत नाही, वय झालं, परका देश, काही झालं तर. सासूबाई सगळ्याला "हो रे" म्हणत होत्या आणि पोळी लाटत होत्या. शेवटी त्यांनी लाटणं ठेवलं. "तुला आठवतं, आपल्या मागच्या अंगणात दोन माड होते? तू पाचवीत होतास. एक जूनात पडला, दुसरा पुढच्या वर्षी. कुंपण गेलं, तुझ्या आज्याचा बसायचा दगड गेला. समुद्राने नेलेलं कोणाला परत मिळालेलं मी अजून बघितलं नाही. त्या बाईला मिळालं. मला बघू दे."

नवरा उठला आणि त्याने कम्प्युटर चालू केला. पाहते तर नवी एक्सेल शीट. नाव होतं, 'आई, घाना'.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला तयारी म्हणणं बरोबर नाही, ती लगीनघाई होती. सासूबाईंचा पासपोर्ट वॉशिंग्टनला घानाच्या वकिलातीत गेला आणि तो परत येईपर्यंत त्या रोज पोस्टमनला वोएझो करायला खाली उभ्या राहायच्या. व्हिसा आला, तेव्हा त्यांनी पासपोर्टला हळदकुंकू लावायला घेतलं. नवऱ्याने तो हातातून ओढून घेतला, म्हणून सरकारी पान वाचलं. ॲमस्टरडॅममार्गे घानाची राजधानी आक्रा आणि पुढे दुबईमार्गे मुंबई, अशी तिकिटं निघाली. बॅगेत स्टीलचे सहा डबे गेले, आमसुलं गेली, लेकीने मण्यांचं केलेलं तोरण गेलं आणि रांगोळीची पुडी गेली. पुडी पांढरी असल्यामुळे ती बॅगेत ठेवावी की नाही, यावर नवऱ्याने रात्रीचं जेवण थंड होईपर्यंत चर्चा केली. शेवटी सासूबाईंनी पुडी काढून तांदळाचं पीठ भरलं आणि म्हणाल्या, "आता विचारलं तर सांगीन, भाकऱ्या करते."

सिस्टरबाईने त्यांच्यासाठी गडद निळ्या कापडाचं घेरदार पोलकं शिवून घेतलं होतं. ते साडीवर घालून, पायात पांढरे स्नीकर्स आणि गळ्यात पिवळ्या कार्डाचं पाकीट अशा वेषात सासूबाई विमानतळावर निघाल्या. सिक्युरिटीच्या रांगेत त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि हात केला. आम्हाला केला असं मला वाटलं, पण त्या सिस्टरबाईला "चल गो लवकर" म्हणून खुणावत होत्या.

पाच दिवसांनी, मी ऑफिसच्या कॅफेटेरियात असताना, फोन आला. आधी नुसता वारा, मग ढोल, मग सासूबाईंचा आवाज, ओरडून बोलणारा, जणू घाना ते कॅरोलायना आवाजाच्या जोरावरच पोचायचं होतं. "अगो, पोचले! घर छान आहे. दोन खोल्या, वर पत्रा. तोरण लावलं. मी उंबऱ्यात रांगोळी काढली तर सगळ्या बायका भोवती, पाद्रीसुद्धा, आणि आता मला गल्लीतल्या सगळ्या दारांत काढायला लावतायत. पीठ संपलं. आता मक्याच्या पिठाने काढते." मागे कोणीतरी "मामा! मामा!" हाका मारत होतं. "आणि काल होडीने खाडीत गेले. आपली खाडी लहान आहे गो. ही फार मोठी आहे. मी उगाच बोलले."

मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरचे दोन जण वळून बघू लागले.

सासूबाई मुंबईला निघायच्या, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला, या वेळी सिस्टरबाईचा. ती जपून बोलत होती. "तुझ्या सासूबाई विचारतायत, तिकीट एक आठवडा पुढे ढकलता येईल का? माझ्या आईने त्यांना सोडायचं नाही असं ठरवलंय. दोघी मिळून मासे वाळत घालतायत."

मी नवऱ्याला सांगितलं. तो एका हाताने डोकं धरून दुसऱ्या हाताने विमान कंपनीचा नंबर शोधत होता आणि तोंडाने व्हिसाचे उरलेले दिवस मोजत होता. तेरा उरले होते. लेक त्याच्याभोवती गोल गोल फिरत ओरडत होती, "आजी इज स्टेइंग! आजी इज स्टेइंग!" आणि खरं सांगायचं तर तिच्या मागोमाग मीही फिरत होते.